उखळ

तिसऱ्या वर्षाला सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा आमच्या मजल्यावरच्या निम्म्या पोरांनी इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या आणि उरलेल्यांनी रोबोट. मला काहीतरी वेगळं हवं होतं, म्हणून मी दुसऱ्या महायुद्धातली जपानी उखळी तोफ घेतली, 90 मिलिमीटरची. रूममेट म्हणाला, "सरांनी वायवाला तुलाच तोफेच्या तोंडी दिलं म्हणजे कळेल!"

मशीन तसं साधं. एक नळी, खाली बेसप्लेट, पुढे दोन पाय. गोळा वरून नळीत सोडायचा. तो घसरत जाऊन तळाच्या पिनवर आपटतो, दारू पेटते आणि गोळा उडतो. 1934 च्या 'टाइप 94' ला धक्का झेलणारी यंत्रणा होती, त्यामुळे वजन सुमारे 159 किलो. जंगलात हे धूड वाहणार कोण? मग 1937 च्या 'टाइप 97' मधून ती यंत्रणाच काढून टाकली आणि वजन सुमारे 106 किलोवर आणलं. गोळा तोच, 5.2 किलोचा. पल्लाही तोच, साधारण 3,800 मीटर. तोफ डोंगराआड लपवता येते, कारण गोळा उंच जाऊन तिरपा वरून खाली येतो. समोर भिंत असली तरी उपयोग नाही. 53 किलोची बचत! मी जाम खूश होतो.

दिवाळीला साताऱ्याकडे गावी गेलो. संभाजीनगरहून रात्रभर एसटीत बसून अंग आंबलेलं. आजी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. मी जर्नल घेऊन तिच्यापुढे प्रॅक्टिस सुरू केली. आजीचे वडील, म्हणजे आमचे तात्या, चौथ्या मराठा पलटणीत होते, त्यामुळे तिला यात रस असणार हे मला माहीत होतं.

मार्च 1944 मध्ये ही पलटण मणिपूरमधल्या सांगशाक गावात 50 व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर होती. जपानी सैन्य कोहिमा-इंफाळवर चालून आलं होतं. टेकडीवर खडक इतका वर, की तीन फुटांपेक्षा खोल चर खणता येईना. काटेरी तार नाही, पाण्याची मारामार. विमानातून टाकलेला बराचसा माल शत्रूच्याच हद्दीत पडायचा. तरी 26 मार्चच्या रात्रीपर्यंत ते लोक तिथे टिकले. त्या दिवसांमुळे कोहिमा-इंफाळच्या बचावाला वेळ मिळाला.

मी फॉर्म्युला वाचत होतो, "हवेचा विरोध सोडला तर पूर्ण पल्ल्याला गोळा हवेत साधारण 28 सेकंद असतो. तोफेचा आवाज तेवढं अंतर 11 सेकंदांत कापतो. म्हणजे 'धप्प' ऐकू आल्यावर गोळा पडायला 17 सेकंद उरतात."

आजीचं मुसळ थांबलं.

"आवाज आधी येतो व्हय?"

"हो. जवळून मारला तर आकडे बदलतात, पण आधी आवाज, मग गोळा."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आरं, आई कांडाय बसली का तात्या उठून भाईर चिंचंखाली जाऊन बसायचं. व्हट हलायचं त्यांचं. आमाला वाटायचं, जप करत्यात. आई तर म्हणायची, बायकांच्या कामाचा आवाज बी सोसत न्हाई ह्यास्नी. लई बोलायची त्यांना." पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "मोजत आसतील रं."

मला काय बोलावं सुचेना. तात्या गेले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. माझ्यासाठी ते भिंतीवरचा एक फोटो आणि डब्यातलं एक मेडल. उखळी तोफेला उखळी का म्हणतात हे मी पहिल्याच स्लाइडवर लिहिलं होतं, पण तसलं खरं उखळ घरात वाजतं तेव्हा एखाद्याला काय होत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पणजी जाऊन आता वीस वर्षं झाली. तिला हे कुणी सांगायचं राहूनच गेलं.

परत आल्यावर सेमिनारमध्ये सगळं नेहमीसारखं सांगितलं. वजन, पल्ला, ड्रॉइंग. शेवटी टेबलावर मूठ आपटली आणि म्हणालो, "आता तोफ उडाली." आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो. मागच्या बाकावर आधी हसू फुटलं. दहाव्या सेकंदाला ते थांबलं. सतरा सेकंद किती मोठे असतात, मित्रांनो, कधीतरी मोजून बघा. आणि पाच दिवस, पुन्हा पुन्हा.

सरांनी 25 पैकी 19 मार्क दिले, "संदर्भ बरा, कॅल्क्युलेशन ठीक." रात्री मेसमधून आजीला फोन केला. मार्क किती पडले ते तिने विचारलंच नाही. एवढंच म्हणाली, "पोरांना कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो.

गावी आता चटणी मिक्सरवर होते. चव तेवढी येत नाही, पण आजीला कुणी काही म्हणत नाही.