ठकीचे टप्पे

2012च्या सप्टेंबरात, चतुर्थी आठवड्यावर आलेली असताना गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आमच्या सुर्ला गावात खनिजाचे ट्रक दारोदारी उभे राहिले. आमच्या आंगणातल्या ट्रकखाली एक मांजरी व्याली आणि तिची दोन पिल्ले आमच्याकडेच राहिली. ठकी आणि बाबलो.

मासळी विकणारी नुस्तेकान्न वळणावर असायची तेव्हाच ही दोघे पायरीवर हजर. मला ती आल्याचे त्यांच्याकडून कळायचे. आता ती दारात हाक मारते तरी बाबलो झोपलेलाच असतो. बांगड्याचे डोके मी त्याच्या नाकाशी नेतो.

ठकी कधी लंगडली नाही, की कण्हली नाही. तिने फळीवरची उडी तेवढी सोडली. आधी बाक, मग खिडकी, मग फळी असे टप्पे पाडले. शहाणी झाली, असे मी वर्षभर कौतुकाने म्हणत राहिलो. ते आठवले की अजून जीव कासावीस होतो. मांजर दुखणे लपवते, कारण रानात दुबळेपण दिसले की शिकार होते. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले होते, त्यांत नव्वदांचे सांधे झिजलेले निघाले. तेरा वर्षांची ठकी त्यांतलीच.

तिचे दुखणे कळले त्या रात्री माझ्या गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल घेताना अर्धी गोळी तिलाही द्यावी असे वाटले. आधी डॉक्टरांना फोन केला म्हणून ती वाचली. मांजराच्या यकृताला ते औषध पचत नाही. माणसाची एक गोळीही तिचा जीव घेऊ शकते. मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला हे मी सांगत असतो. औषध डॉक्टरांनी वेगळे दिले. मी बाकाखाली एक लाकडी खोका ठेवला, एक टप्पा वाढवला.

यंदा गणपतीवरची माटोळी बांधायला शेजारचा मुलगा शिडीवर चढला. मला वेळ नाही, असे मी त्याला सांगितले होते. मुंबईहून मुलगा फोनवर गुडघ्यांचे विचारतो, त्यालाही ‘बरे आहेत’ म्हणायचो, भिंतीला हात लावून उठता उठता.

काल ठकी खोक्यावर चढली, थांबली, मग बाकावर माझ्या मांडीत आली. तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी त्याला माटोळीचे खरे सांगितले.

“बाबा, पुढच्या महिन्यात येतो,” तो म्हणाला, “पायरीला कठडा बसवूया.”