फोनची गावपळण

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. तिन्हीसांज झाली होती. आई ओटीवर बसून काही जुनी आठवण सांगत होती, इतक्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. 'एवढे एकच पाहतो,' अशी मनाची समजूत घालून मी तो बाहेर काढला. महाविद्यालयातल्या कोणाचा तरी वाढदिवस होता. शुभेच्छा लिहिल्या, त्यांच्याखाली आणखी चार निरोप दिसले, तेही वाचले. मान वर केली तो आई गप्प!

"तुजा होवंदे, मगे सांगतंय," असे ती मघाशी म्हणाल्याचे मला अंधुक स्मरले. "हं, सांग आता," मी म्हणालो. तिने कपाळाला आठ्या घालून पाहिल्या. "आता नाय आठवणा रे," ती हसून म्हणाली आणि वाती वळू लागली.

वर्गात बाकाखाली फोन पाहणाऱ्या मुलांना एकाग्रतेचा उपदेश करणारा प्राध्यापक तो मीच! त्या रात्री मी फोन फार न पाहण्याचा संकल्प सोडला. तो तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी जेवताना मुलाने काही गंमत दाखवली, पत्नीने कोणाचा फोटो पुढे केला आणि माझाही हात आपोआप खिशाकडे गेला.

एकट्याचा संकल्प असा का मोडावा, याचा विचार करताना मला गावपळण आठवली. आईचे माहेर मालवण तालुक्यातले आचरे. तिथे, तसेच चिंदर आणि वायंगणी या गावांतही, काही वर्षांच्या अंतराने देवाच्या कौलाने सगळा गाव घरदार सोडतो. गुरेढोरे, कोंबड्यांसह माणसे वेशीबाहेर झोपड्या उभारून तीन दिवस, तीन रात्री राहतात आणि पुन्हा कौल घेऊन परततात. घर वाईट म्हणून कोणी ते सोडत नाही. परतायचे असते म्हणूनच सोडतात. आणि मुख्य म्हणजे, जायचे ते सर्वांनी मिळून. मी मात्र एकटाच वेशीबाहेर जाऊन बसलो होतो. माझा गाव आतच नांदत होता!

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हेच मर्म ओळखले असावे. 2022 साली तिथे सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन आणि दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी चार शब्द बोलावेत, आणि साडेआठला दुसरा भोंगा व्हावा. भोंगा सर्वांसाठी एकच असल्यामुळे त्यात कोणी कोणाला उपदेश करण्याचा प्रश्न उरत नाही.

आमच्या घरी भोंगा नाही. आई देवापाशी दिवा लावते, तीच खूण. त्यानंतर जेवणे आटपेपर्यंत चारही फोन माजघरातल्या फडताळात असतात. पहिल्या संध्याकाळी आम्ही परक्या घरी आलेल्या पाहुण्यांसारखे एकमेकांकडे पाहत बसलो. हळूहळू बोलणे सुटले. फडताळ उघडल्यावर निम्मे निरोप न वाचताही चालतात, हेही ध्यानात आले.

परवा आईने लहानपणची गावपळण सांगितली. परत आल्यावर आपलेच घर कसे नवे दिसे, हे सांगताना तिचा चेहरा उजळला. 'त्या दिवशी हेच सांगायचे होते का?' असे मी उत्सुकतेने विचारले.

"नाय रे," ती म्हणाली, "ता येगळाच होता."

ते मला अजून कळलेले नाही. फडताळ बंद करून मी रोज तिच्याजवळ जाऊन बसतो.