बुद्धीचं टॉनिक मागण्याआधी

"डॉक्टर, पोराच्या डोक्यात काही राहतच नाही. बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या." बीड जिल्ह्यात प्रॅक्टिस करताना ही मागणी मला सतत ऐकायला मिळते. अशा वेळी मी आधी एक प्रश्न विचारतो: दिवाळीनंतर हे मूल कुठे राहतं?

धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज अशा तालुक्यांतली हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. म्हणजे शाळेचं अर्ध्याहून जास्त वर्ष! दहावीचा पेपर असतो तेव्हाही आई-वडील फडातच असतात.

सोबत गेलेलं मूल, मागे राहिलेलं मूल

सोबत गेलेल्या मुलाची शाळा बुडते. कोपीवर लहान भावंडं सांभाळणं, पाणी भरणं ही कामं त्याच्याच वाट्याला येतात. मागे राहिलेल्या मुलाची शाळा टिकते, पण घर चालवायची जबाबदारी येते.

गेल्या वर्षी एक आजी नववीतल्या नातीला घेऊन आल्या. "अभ्यासात ध्यानच लागंना बघा हिचं." मुलीचा दिवस विचारला. पहाटे साडेचारला उठणं, पाणी, भाकरी, दोन भावांचं आवरणं, मग शाळा. रात्री झोपायला अकरा. हिमोग्लोबिन ८.४! या वयाच्या मुलीत ते किमान १२ हवं.

शरीरात काय होतं?

किशोरवयात ८ ते १० तासांची झोप लागते. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. पाच-साडेपाच तासांच्या झोपेत वाचलेलं टिकत नाही. लोह कमी पडलं की थकवा येतो, लक्ष उडतं. पाळी सुरू झालेल्या मुलींना लोहाची गरज जास्त असते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही स्थलांतरात चुकते. या मुलीला 'ढ' म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला आळशी म्हणण्यासारखं आहे.

तिला लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. जेवणावर चहा बंद करून लिंबू पिळायला सांगितलं. आजीला म्हटलं, "पाणी भरायचं काम भावांना वाटून द्या, आणि पोरीला दहाच्या आत झोपवा." तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं. वर्गात डुलक्या येणं थांबलं.

चौदाव्या वर्षाचा खड्डा

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. हंगामी वसतिगृहांचा आधारही मुख्यतः आठवीपर्यंतच. नेमकी त्यानंतर आई-वडिलांना वयात आलेल्या मुलीची काळजी लागते. कोपीवर न्यावं तर दार नाही, घरी ठेवावं तर म्हातारी एकटी. त्यात उचल मिळते ती 'कोयत्या'वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. मग लग्न हाच सोपा मार्ग वाटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आई-वडिलांना मुलगी नकोशी नसते. त्यांना तिच्यासाठी सुरक्षित छप्पर हवं असतं.

हंगामाला निघण्याआधी

- मुलांचं हिमोग्लोबिन आणि नजर तपासून घ्या. फळा न दिसणारं मूलही 'मठ्ठ' ठरतं.
- मूल कोणाकडे राहणार, हे वर्गशिक्षकांना सांगा. फोन नंबर द्या.
- ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.
- घरकाम मुलगा-मुलगी दोघांत वाटा.
- रोज रात्री फडातून फोन कराच. "जेवलीस का?" याच्याबरोबर "आज काय शिकलीस?" हेही विचारा. स्वतः शाळेत गेला नसलात तरी विचारा. आपल्या शिकण्याची कुणाला तरी किंमत आहे, एवढं मुलीला कळलं पाहिजे.

कुठे अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरत असेल तर १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवा.