अर्दियाहून लंब्रिजला

या अंकासाठी प्रवासवर्णन द्या, असा निरोप आला तेव्हा मी जरा हसलेच. मंडळातल्या कितीतरी जणी जॉर्जिया, तुर्कस्तान करून आल्या. आम्ही मागचं वर्षभर अर्दियाच्या बाहेर पडलो ते जमियात भाजी आणायला आणि शनिवारी फरवानियाला इडली खायला. पण मग म्हटलं, नाही, एका गावाला मी नक्की जाऊन आले. अजूनही जाते. त्या गावाचं नाव लंब्रिज. नकाशात शोधू नका, सापडणार नाही.

आधी अर्दियाबद्दल दोन शब्द. पाहुणे आले की आपण त्यांना कुवेत टॉवर्स दाखवतो, मुबारकियाच्या सूकमध्ये फिरवतो. अर्दियाला माणूस येतो तो गाडी ठोकली म्हणून. इथली हिरफिया म्हणजे वर्कशॉपांची वस्ती. डेंटिंग-पेंटिंगवाले, सुतार, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणारे, सगळे दाटीवाटीने. तिथल्याच एका वर्कशॉपच्या ऑफिसात मी हिशेब लिहिते, त्याला वीस वर्षं होत आली. अर्दियाचं नाव पेपरात येतं ते जाबेर अल-अहमद स्टेडियममुळे. १६ नोव्हेंबर २०२३ ला वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये भारताने तिथे कुवेतला १-० हरवलं, मनवीर सिंगने गोल केला. आम्ही तिघंही गेलो होतो. आमचे चिरंजीव इतके ओरडले की दोन दिवस आवाज बसला होता. त्यानंतर त्याचा मोठा आवाज घरात फारसा ऐकलाच नाही. अकरावी-बारावीची मुलं! खोलीचं दार बंद, कानावर हेडफोन, आणि आईच्या प्रश्नाला उत्तर एकच, "हं."

बारावी झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. इथल्या प्रत्येक घरात हे होतंच, आमचं काही वेगळं नाही. रोज फोन व्हायचा. जेवलास का? हो. काय होतं? भाजी. कोणती? माहीत नाही. दोन मिनिटं पंधरा सेकंद. मी वेळ बघून ठेवायची.

एका शनिवारी मी वैतागून म्हटलं, "अरे, मग दिवसभर करतोस तरी काय?" तर म्हणाला, "आई, झाडं तोडतो." मला वाटलं चेष्टा करतोय. म्हणाला, "तू ये ना. फुकट आहे. तुझ्या फोनवरसुद्धा चालतं."

तर असं हे ओल्ड स्कूल रूनस्केप. ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना नाव माहीत असेल, आत काय चालतं ते बहुधा माहीत नसेल. रोल-प्लेइंग म्हणजे काय, तर सोंग घेणं. आपल्याकडे बहुरूपी दारावर यायचे, आज पोलीस तर उद्या शंकर, तसंच. फरक एवढाच, की इथे एकाच वेळी हजारो बहुरूपी एकाच गावात हिंडत असतात आणि प्रत्येकाच्या मागे कुठल्या तरी देशात एक खरा माणूस बसलेला असतो. हे खूळ फार जुनं आहे. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी असा पहिला खेळ रचला, त्यात चित्रं नव्हती, नुसती वाक्यं टाइप करायची. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन आलं, २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. रूनस्केप २००१ चं, अँड्र्यू गॉवर या इंग्लिश मुलाने भावाच्या मदतीने उभं केलेलं. पुढे ते इतकं बदललं की जुने खेळणारे हळहळू लागले, म्हणून २०१३ मध्ये कंपनीने २००७ सालची आवृत्ती पुन्हा सुरू केली. म्हणजे खेळाच्या जगातसुद्धा 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणारी मंडळी आहेतच!

पहिली अडचण नावाची. बारा अक्षरांच्या आत बसवायचं. 'बाकरवडी' घातलं तर कोणीतरी आधीच घेतलेलं. म्हणजे आपलं माणूस आधी पोचलंय तर! शेवटी 'साबुदाणा' मिळालं.

सुरुवात एका बेटावर होते. तिथे एकेक माणूस एकेक गोष्ट शिकवतो. झाड तोडा, लाकूड पेटवा, जाळ्याने कोळंबी धरा, भाजा. माझी पहिली कोळंबी जळली. माहेर अलिबागचं, आणि कोळंबी जळली! पुढे तांबं आणि कथील वितळवून कांसं करायचं, त्याचा खंजीर ठोकायचा, तलवारीने उंदीर मारायचा. मग बँक दाखवतात. मला सारखी २००६ सालची आठवण येत होती. कुवेतला उतरल्यावर असंच एकामागून एक नेलं होतं. आधी मेडिकल, मग बोटांचे ठसे, मग इकामा, मग सिव्हिल आयडी. प्रत्येक खिडकीवर एक माणूस पुढच्या खिडकीकडे बोट दाखवणारा. आपण नुसतं मान डोलवायची. भाषा कळत नाही, पण सगळ्यांना वाटतं कळली.

बेटावरून सुटका झाली की तुम्ही लंब्रिजच्या वाड्यासमोर उभे राहता. अंगावर साधे कपडे, हातात कांस्याची तलवार, आणि कुठे जायचं ते कोणी सांगत नाही. नवशिक्या इथेच गडबडतो. चिरंजीव त्या शनिवारी पुण्याहून आत आले (आपले सहा म्हणजे तिकडे साडेआठ). आम्ही दोघांनी इंग्लंडमधला एकच 'वर्ल्ड' निवडला. हे लक्षात ठेवा, कारण त्या गावाच्या शेकडो प्रती चालू असतात. दोघं वेगवेगळ्या वर्ल्डमध्ये असाल तर एकाच चौकात उभे राहूनही चुकामूक होते. आणि मग तो आला. डोक्यापासून पायापर्यंत निळसर चिलखत, पाठीवर लाल झगा. माझ्या भोवती एक फेरी मारली आणि डोक्यावर अक्षरं उमटली, 'आई, ये माझ्या मागे.'

खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, एसीची हवा लागली."

पहिलं काम मिळालं ते वाड्यातल्या स्वयंपाक्याकडून. ड्यूकचा वाढदिवस, केक करायचाय, अंडं, दूध आणि पीठ आणून दे. अंडं कोंबड्यांच्या खुराड्यात मिळतं. बादली घेऊन गाईचं दूध काढायचं. गहू शेतातून तोडायचे, गिरणीच्या वरच्या मजल्यावर जाऊन टाकायचे, दांडा ओढायचा, आणि खाली येऊन पीठ भांड्यात भरून घ्यायचं. मी भांडं न घेताच गेले होते. दोनदा हेलपाटा! दळणाचा डबा विसरून गिरणीत जाणारी जगातली मी एकटीच नसेन.

पुढे पैसे कसे कमवायचे, तर गाईंची कातडी गोळा करायची (माळकरी घरातल्या मला हे जड गेलं, पण असो) आणि नदीच्या पूर्वेला अल-खरीदला जाऊन कमवून घ्यायची. अल-खरीद हे वाळवंटातलं गाव. मी गेले तेव्हा वेशीवर दहा नाणी जकात द्यावी लागली. आत राजवाडा, पगडीवाले पहारेकरी, आणि एका नाण्याला कबाब. तो कबाब खाऊन कधी तब्येत सुधारते, कधी बिघडते. मी हसत सुटले. ५० डिग्रीच्या कुवेतमध्ये एसी लावून बसायचं, आणि पडद्यावर पुन्हा वाळवंटच!

पण जिथे माझं मन रमलं ती जागा म्हणजे ड्रेनॉर गावातली विलोची झाडं. बँक जवळ, त्यामुळे पाचपंचवीस माणसं तिथे खटाखट लाकडं तोडत उभी असतात. तासन् तास. कोणी फारसं बोलत नाही. बोललंच तर एकच प्रश्न, तुझी लाकूडतोडीची पातळी किती? आपल्याकडे इथे नवीन माणूस भेटला की विचारतो ना, "कुवेतला किती वर्षं झाली?" अगदी तेच. आणि जिन्याबद्दल एक गंमत. पातळी १ ते ९९ अशी असते. पण ९२ वर पोचलात तर जेमतेम निम्मी मेहनत झालेली असते, उरलेल्या सात पायऱ्यांना बाकीची निम्मी लागते. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "नोकरीतलं प्रमोशन बघितलंस का कधी? तसंच आहे."

तर तिथे झाडं तोडता तोडता चिरंजीव बोलू लागले. समोरासमोर बसून जे बोलला नाही ते. मेसमधल्या पोळ्या, एम-थ्रीची भीती, रूममेट रात्री रडतो. हात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. माझी आजी पोरींना वाल सोलायला बसवायची ती काय उगीच?

आता फजिती सांगते. दिवाळीत त्याने मला आपलं जुनं चिलखत दिलं. ते २०२० मधलं. त्या वर्षी मार्चपासून शाळा बंद होत्या आणि १० ते ३० मे पूर्ण कर्फ्यू होता. संध्याकाळी साडेचार ते साडेसहा एवढंच खाली पायी फिरता यायचं. तेव्हा हे पोरगं आठवीत होतं. त्या दिवसांत एकेक नाणं जमवून त्याने ते घेतलं होतं. मी ते घालून बँकेसमोर मिरवत होते, तर एक जण अगदी अदबीने म्हणाला, 'तुमच्या चिलखताला फुकट सोनेरी काठ लावून देतो.' काठ! आपली बाई फुकट काठाला भुलली नाही तर नवल. देवघेवीच्या वेळी दोनदा खात्री विचारतात, 'खरंच द्यायचं?' मी दोन्ही वेळा 'हो' दाबलं. त्याने घेतलं आणि अंतर्धान पावला.

मुलाला दोन दिवस सांगितलं नाही. शनिवारी पाहिलं तर मी पुन्हा साध्या कपड्यात. सांगावं लागलं. थोडा वेळ त्याची अक्षरंच उमटली नाहीत. नंतर फोनच वाजला, आणि पलीकडे तो हसत होता. म्हणाला, "आई, हा गंडा या गेममधला सगळ्यात जुना. मलाही घातला होता. आठवतं, कर्फ्यूत एकदा मी जेवलो नव्हतो? पोट दुखतंय म्हणालो होतो?"

आठवलं. मी ओवा दिला होता. वर गरम पाण्याची पिशवी. आणि त्याने निमूटपणे तो ओवा चावून खाल्ला होता, कारण 'माझं चिलखत चोरीला गेलं' असं सांगितलं असतं तर मी फोनच काढून घेतला असता. घेतलाच असता, खोटं कशाला बोलू. त्या दिवशीचा आमचा फोन एक तास चार मिनिटं चालला.

मैत्रिणी विचारतात, मुलांना खेळू द्यावं का? मी काही तज्ज्ञ नाही. पण आधी स्वतः एकदा त्या बेटावर उतरा, मग काय ते ठरवा. पासवर्ड कोणाला देऊ नका, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, गेममधल्या बँकेलाही चार आकडी पिन घालता येते ती घाला. अनोळखी माणसाला गाव, शाळा, वय सांगू नका. वॅरॉक शहराच्या दक्षिणेच्या वाटेवर काळे जादूगार असतात, तिथे धावत जा. मी दोनदा मेले. मेल्यावर पुन्हा लंब्रिजलाच उठतो आपण, आणि सामान परत आणायला पंधरा मिनिटं मिळतात. आणि फुकट काठ लावणारा भेटला तर नमस्कार करून पुढे चला.

सध्या माझी लाकूडतोड ६१ वर आहे. यांनी मागच्या आठवड्यात सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या बेटावर मासे धरायला किती वेळ लागतो?" नाव शोधतायत. 'थालीपीठ' मोकळं आहे का, ते शनिवारी बघणार आहोत.