वाट पाहणाऱ्या घरांची प्रकृती

आमच्या हिंगोलीपासून समुद्र फार दूर आहे. मुंबईचा किनारा रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक. आमच्याकडे पाणी म्हणजे कयाधू, पैनगंगा आणि इसापूरचा विस्तीर्ण जलाशय. त्या जलाशयात दुर्दैवाने कोणी बुडाले, तर बहुधा दोन-तीन दिवसांत देह वर येतो. मग पंचनामा, शवविच्छेदन, अग्नी, तेरावा. हे सारे अतिशय कठोर असते. परंतु तीस वर्षांच्या व्यवसायात मी हेही पाहिले आहे की, त्या कठोरपणातच घराला सावरण्याची पहिली पायरी सापडते. डोळ्यांनी पाहिलेले मन कधी ना कधी मान्य करते.

खोल समुद्र मात्र देह परत देत नाही. तेथील पाणी अत्यंत थंड आणि दाब प्रचंड. त्यामुळे धरणात देहाला वर आणणारी नैसर्गिक प्रक्रिया तेथे घडतच नाही. अशा घरांच्या प्रकृतीविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे.

२२ जुलै २०१६, शुक्रवार. चेन्नईजवळच्या तांबरम तळावरून सकाळी साडेआठच्या सुमारास वायुदलाचे एएन-३२ हे मालवाहू विमान अंदमानातील पोर्ट ब्लेअरकडे निघाले. विमानात २९ जण होते. साधारण तीन तासांचा प्रवास. परंतु पाऊण तासाच्या आतच विमान बंगालच्या उपसागरावर रडारवरून नाहीसे झाले. त्या विमानाचे नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग सांगणारे अधिकारी, होते पुण्याच्या निगडीचे फ्लाइट लेफ्टनंट कुणाल बारपट्टे. मराठी घरांत ती बातमी आपल्याच घरची म्हणून वाचली गेली. नौदलाची जहाजे, पाणबुडी, तटरक्षक दल, वायुदलाची विमाने, सागरतळ धुंडाळणारी संशोधन-जहाजे, उपग्रह. सारे शोधात गुंतले. हाती काही लागले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्व २९ जणांना मृत गृहीत धरून कुटुंबीयांना तसे कळविण्यात आले.

‘गृहीत धरून’ या दोन शब्दांपाशी आपण क्षणभर थांबावे. मृत्यूचा दाखला मिळतो, निवृत्तिवेतन सुरू होते, लोक भेटून जातात. परंतु आईच्या मनात प्रश्न राहतोच. कुठल्या बेटावर लागला असेल काय? कोणा मासेमाराच्या नावेने उचलला असेल काय?

पुढे जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणयानाने किनाऱ्यापासून सुमारे ३१० किलोमीटर अंतरावर, ३४०० मीटर खोलीवर, विमानाच्या अवशेषांची छायाचित्रे घेतली. ते एएन-३२ चेच असल्याचे जुळले. मध्ये जवळजवळ साडेसात वर्षे गेली होती. आपल्याकडे साडेसात वर्षांच्या काळाला एक वेगळेच नाव आहे. परंतु तिची निदान संपण्याची तारीख पंचांगात सापडते.

अमेरिकेतील कुटुंबशास्त्रज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या पत्नींचा अभ्यास केला. त्यातून त्यांनी या दुःखाला एक नाव दिले. मी मराठीत त्यास ‘अनिश्चित वियोग’ म्हणतो. त्याचे दोन प्रकार. एकात माणूस देहाने नाही, पण मनात आहे. दुसऱ्यात देह समोर खुर्चीवर बसला आहे, पण माणूस हरवला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची सेवा करणाऱ्या माझ्या वाचक भगिनींना हा दुसरा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. बॉस यांचे निरीक्षण असे की, या माणसांची वाट पाहणे हा मनाचा आजार नव्हे. परिस्थितीच अशी आहे की तिला शेवट नाही. मला हे पटते.

आपल्या इतिहासात तर हे दुःख केवढे मोठे आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पडले, परंतु पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पंधरा वर्षांनी एका तोतयाने भाऊ म्हणून बंड उभारले आणि त्याच्यामागे माणसे गेली, ती काही सारीच मूर्ख नव्हती. कित्येकांच्या घरचे कोणी ना कोणी पानिपताहून परतलेले नव्हते.

आता माझ्या दवाखान्यातील एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगतो. कळमनुरी तालुक्यातील एक वृद्ध दांपत्य. मुलगा व्यापारी जहाजावर नोकरीस होता. एका रात्री जहाजावरून नाहीसा झाला. दादांचे म्हणणे, दिवस घालावेत. देह नसताना दर्भ व पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देण्याचा पालाशविधी आहे, तो करावा. माई म्हणत, “माझ्या जित्या लेकराचे दिवस घालता?” दोघांत बोलणे उरले नव्हते. नातेवाइकांनी दोन तट पाडले होते.

माई माझ्याकडे आल्या त्या मात्र चक्कर येते म्हणून. सोमवारी औंढ्याच्या नागनाथाचा निर्जळी उपास, आणि सकाळची मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतलेली. साखर ५४ वर आली होती. मुलगा येईपर्यंत उपास सोडणार नाही, हा त्यांचा निश्चय. मी त्यांना उपास सोडा म्हटले नाही. सोमवारच्या गोळीची वेळ आणि मात्रा बदलली, पाणी आणि दुपारी दूध घेण्यास राजी केले, ग्लुकोमीटर कसा वापरावा हे दादांना शिकविले. आपल्या घरी असे उपास असतील, तर गोळ्या आपल्या मनाने बदलू नयेत. डॉक्टरांना उपासाचा वार आधी सांगावा.

दादांना मी एवढेच म्हटले की, दोघांचे एकमत होण्याची गरज नाही. त्यांनी पुढे रामेश्वरला जाऊन आपला विधी केला. माईंनी दारातला दिवा चालू ठेवला. तेल आणतात दादाच.

अशा घरांत इतरांनी काय बोलावे, हे मला पुष्कळ जण विचारतात. “आता मान्य करा” हे वाक्य मला तरी क्रूर वाटते, आणि “येईल, नक्की येईल” हेही. मुलाचे नाव घ्यावे. त्याच्या वाढदिवशी जावे, त्याला काय आवडे ते विचारावे. माणसे नाव टाळतात आणि आईला वाटते, जग विसरले. कायदा सात वर्षे खबर नसल्यास मृत्यू गृहीत धरू देतो, परंपरा बारा वर्षे वाट पाहते. आईच्या मनाला यांतील कोणतेच मोजमाप लागू नाही. कागदपत्रांवर तिची सही घ्यावयाची असेल, तर ‘ही सही कार्यालयासाठी आहे’ असे सांगावे. तेवढ्याने हात थरथरणे कमी झालेले मी पाहिले आहे.

वैद्य म्हणून दोन गोष्टी मात्र निक्षून सांगतो. तीव्र दुःखानंतर छातीत दुखले, दम लागला, तर ‘मनाला लागले आहे’ म्हणून घरी बसू नये. दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा खरोखरच दुबळा होऊन फुगतो. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यावरून त्यास ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. तो प्रामुख्याने उतारवयातील स्त्रियांना होतो, बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. परंतु लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्याने ईसीजी तातडीने काढलाच पाहिजे. दुसरे म्हणजे झोपेच्या गोळ्या. शेजाऱ्याच्या पाकिटातली एक गोळी द्यावी, असा आपल्याकडे सहज रिवाज आहे. वृद्धांत त्यामुळे रात्री उठताना पडणे, खुब्याचे हाड मोडणे आणि विस्मरण वाढते.

रात्र फारच जड जात असेल, तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो चोवीस तास चालतो. मराठीत बोलता येते. माईंनी तो वहीत लिहून घेतला. पहिल्यांदा फोन मात्र दादांनी केला, पहाटे तीन वाजता, अंगणात जाऊन.