घोडी नाचली नाही म्हणे

वरात मांडवाला लागली आणि ठरलेल्या पैशातून हजार रुपये कापून घेत नवरदेवाचा मामा म्हणाला, ‘‘भाऊ, तुमची घोडी नाचलीच नाही.’’ नाचली होती हो! मान छातीशी दुमडून उभी राहिली नाही, एवढंच. व्हिडिओत तशी मान छान दिसते ना. माझ्याकडे काट्याचा लगाम नाही म्हटल्यावर त्यानं साधाच लगाम हातात घेतला आणि डीजेच्या तालावर हिसके दिले. मी सोडवेपर्यंत दिले. काटेरी लगामाला प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांनी बंदी आहे, पण हिसक्याला कोण बंदी घालणार? वर कापलेले पैसे मोजून दाखवले मला, चारचौघांत. त्या पैशात तिची बरीच चंदी झाली असती.

आमचं धूलकोटचं घर वरातीच्या घोड्यांवरच चालतं. ही नुकरी, म्हणजे पांढरी घोडी, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जमिनीवरच्या कडब्यापर्यंत पोचेना. पुढचे पाय फाकवून कशीबशी तोंड खाली न्यायची. उजवीकडे बघायचं तर सगळं अंग फिरवायची. डॉक्टरांनी आधी जबडा आणि डोळ्यातला आतला पडदा पाहिला, जखम शोधली. ताठ मान म्हणजे धनुर्वातही असू शकतो. तो नव्हता. मग मानेवरून बोटं फिरवत खांद्याजवळ आले तशी तिनं कान मागे टाकले.

आमच्या आबांचं म्हणणं एकच, डाग द्या. जन्म मोतद्दारीत गेलेला माणूस, विळा तापवायलाच बसले. आयाळीखाली तीन डाग. यावरून आमचं जे भांडण झालं ते गल्लीनं ऐकलं. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. म्हणाले, आबा, आयाळीखाली हाडच नाही. मानेचे मणके सातच, आपल्याइतकेच, आणि ते आयाळीपासून बरेच खाली, छातीकडे तर फारच खोल उतरतात. डाग द्याल तो नुसत्या कातड्याला. तुमचा हात चांगला आहे, मालीश करा.

मग ठरलं ते असं. सूज उतरवायचं औषध थोडेच दिवस, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, कारण ते पोटात अल्सर करतं. गव्हाण छातीच्या उंचीवर. गरम पाण्याच्या फडक्याचा शेक, मग आबांची मालीश. दुखणं उतरल्यावर गाजर दाखवायचं आणि तिनं स्वतःहून मान खांद्याकडे, मग बरगडीकडे न्यायची. आपण ओढायचं नाही. पुढे गव्हाण हळूहळू खाली. एकट्या गोळीनं किंवा एकट्या मालिशीनं हे जमलं नसतं, असं मला वाटतं. घोडेवाल्यांनो, मेडिकलमधून दोन-दोन वेदनाशामकं आणून एकदम देऊ नका.

नाचणाऱ्या घोड्यांवर बंदीच आली पाहिजे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. परवा तिच्या कानावर लांबून ढोल पडला आणि ती दावणीलाच पाय उचलायला लागली. मी बघत उभा राहिलो, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आता मी वरातीला फक्त चालायचे पैसे सांगतो. निम्मे लोक तिथूनच परत जातात.

आबा अजून म्हणतात, डाग दिला असता तर लवकर उठली असती.