वाघरू आणि भाड्याचा चेक

जुन्नर भागात बिबट्याला आम्ही वाघरू म्हणतो. येडगाव, माणिकडोह ही धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसात वाघरू राहायला आलं. तिथंच वितं, तिथंच पिल्लं वाढवतं. शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे उसाला पाणी भरायला रात्री जाणं शेतकऱ्याला चुकत नाही.

असेच एका थंडीत आबा रात्री पाणी भरत होते. पाणी दुसऱ्या सरीत वळवलं, बॅटरी वर केली, तर बांधावर दहा पावलांवर वाघरू. डोळे चमकत होते. आबा सांगतात, "वरडायला तोंड उघडलं, पर आवाजच फुटंना. जीभ टाळूला चिकटली. अंगावर काटा आला, आन् छातीत असा दणका, का वाटलं त्यालाबी ऐकू जात आसंल." दोघं एकमेकांकडं बघत राहिले. मग ते उसात शिरलं. आबा विहिरीपाशी येऊन बसले, पाणी प्यायले, थोडा वेळ हात थरथरले. मग उठून राहिलेल्या सऱ्या भिजवल्या. पायाला खोरं लागून रक्त आलंय हे घरी आल्यावर आईनं दाखवलं तेव्हा कळलं. सकाळी तीन भाकरी खाल्ल्या आणि दिवसभर झोपले.

या सगळ्याचा अर्थ मला फार पुढं, बोरीवलीत आल्यावर कळला. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्या अॅड्रेनॅलिन रक्तात सोडतात. काळीज जोरात चालतं, श्वास वाढतो, यकृत साठवलेली साखर बाहेर काढतं, रक्त पोटाकडून हातापायांकडं वळतं. पचन थांबतं, तोंडाला कोरड पडते, जखमेची कळ काही काळ कळत नाही. लढ, नाहीतर पळ, एवढंच त्या वेळी शरीराला माहीत असतं. हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५च्या सुमारास हे शास्त्राच्या भाषेत मांडलं. पण भीतीनं तोंड कोरडं पडतं हे आपल्याकडं फार आधीपासून माहीत असावं. स्मृतिग्रंथांत तंडुलदिव्य सांगितलंय. संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावायचे आणि थुंकलेल्या तांदळात रक्त दिसलं की तो दोषी. कोरड्या तोंडात तांदळानं हिरड्या सोलणारच. निर्दोष पण भित्रा माणूस यात किती वेळा सापडला असेल, तो भाग वेगळा.

वाघरू गेलं की हे सगळं ओसरतं. तासाभरात शरीर पूर्वपदावर येतं. आबांचं आलं.

आता बोरीवलीचं सांगतो. आमची बिल्डिंग पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला. जुनी झाली म्हणून सोसायटीनं पुनर्विकासाला दिली. तीन वर्षांत ताबा आणि तोवर दरमहा भाड्याचा चेक, असा करार. आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दीड वर्ष चेक आले, मग थांबले. जमिनीवर खड्डा, त्यात पावसाचं पाणी, आणि खड्ड्याभोवती पत्रे. सहा वर्षं झाली. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालक भाडं वाढवतो किंवा खोली बदलावी लागते. आम्ही चार खोल्या बदलल्या.

मी सकाळी चर्चगेट फास्ट पकडून निघून जायचो. महिन्याचा मेळ बायको घालायची. ती कधी तक्रार करणारी नव्हे. पण पहाटे तीनला तिला जाग यायची, ती पुन्हा झोप नाही. केस गळायला लागले, पोट सुटलं, सर्दी पंधरा पंधरा दिवस हटेना. विळीवर बोट कापलं ते तीन आठवडे भरलं नाही. आम्ही म्हणायचो, वय झालं.

अशात आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आले. त्याआधी दवाखान्यात त्यांचं बीपी बघितलं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी १३२/८०. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचंपण बघू." १६८/१०४ निघालं. त्यांनी दोनदा तपासलं. पुढं साखरही वाढलेली निघाली.

वाघराच्या तोंडाशी उभा राहिलेला म्हातारा ठणठणीत, आणि जिनं वाघरू फक्त पेपरात बघितलं तिला बीपीची गोळी. आबांना आयुष्यात काळजी नव्हती असं नाही. बांधाच्या दाव्यात पाच वर्षं जुन्नरच्या कोर्टात खेटे घालताना त्यांचंही अंग निम्मं झालं होतं. दावा मिटला, मग भरलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. काळजी लांबली की त्याच ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं दुसरं द्रव्य जास्त काळ सोडत राहतात. ते रक्तात साखर वाढती ठेवतं, पोटावर चरबी चढवतं, झोप मोडतं, रोगाशी लढणारी ताकद दाबून टाकतं. थोडा वेळ हे उपयोगाचं असतं. सहा वर्षं शरीर असं जुंपलेलं ठेवलं तर ते झिजतं. हान्स सेली या शास्त्रज्ञानं १९३६ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उंदरांना थंडी, जखम, विष, अतिश्रम असा कसलाही त्रास दिला तरी परिणाम एकच व्हायचा. त्या ग्रंथी फुगायच्या, प्रतिकाराची गाठ आकसायची, पोटात व्रण पडायचे. शरीराला त्रासाचं नाव कळत नाही, मग भाड्याचा चेक काय आणि थंडी काय!

ऑपरेशननंतर डोळा बरा झाल्यावर मी आबांना सकाळी नॅशनल पार्कात फिरायला न्यायला लागलो. सूनबाईलाही त्यांनी बळंच बरोबर घेतलं. तिथं मी त्यांना आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला होता. विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडला. तिथून तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वसईची खाडी ओलांडून या जंगलात आला.

आबा खूश. म्हणाले, "म्हंजी माझ्याच वाटंनं आलं की! म्या एष्टीनं, ते पायी." मग सुनेकडं वळून म्हणाले, "त्येला बघून मी तेवढ्यापुरता भ्यालो. तू रोज भितीस."

ती पहिल्यांदाच मोकळं बोलली. "आबा, वाघरू दिसलं तर कुठं पळायचं ते तरी कळतं. आणि ते निघून जातं. हा खड्डा तिथंच आहे. मी रोज भाजी आणायला त्याच्यावरूनच जाते."

आबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "दाव्यात मला कशानं तारलं सांगू? वकिलानं न्हाय. शेजारचा गडी परत्येक तारखेला संगती यायचा."

तिनं त्या रविवारी बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावलं. सात जणी आल्या. चौघींना बीपी, दोघींना थायरॉईड. कागद एकत्र केले, महारेरात तक्रार टाकली. आता सुनावणीला सगळ्या मिळून जातात, येताना स्टेशनबाहेर वडापाव खातात. डॉक्टरांनी वडापाव बंद सांगितलाय, पण त्या दिवशीचा मी मोजत नाही. तिची झोप पहाटे पाचपर्यंत टिकायला लागलीय. बीपी गोळीवर १४०च्या आसपास आहे. चेक अजून आलेला नाही.

पुढची तारीख श्रावणात आहे. आबांचा गावाहून फोन येतो तेव्हा आधी सुनेचं बीपी विचारतात, मग इकडचा पाऊस.